दारात उभ्या असलेल्या वाहनाचा विमा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विम्यासारख्या रुक्ष विषयावर ज्ञातीच्या संमेलनात बोलावे, अशी सूचना आपल्या चिटणिसांनी केली तेव्हा मी प्रथम संकोचलो. काल याच सभागृहात आपल्या मुलामुलींचा गुणगौरव झाला, रात्री नाट्यप्रवेश रंगले. त्यानंतर आज सकाळी कलमे आणि उपकलमे ऐकावयास कोण बसणार, असे मला वाटले. परंतु चिटणिसांनी माझ्यापुढे साहाय्यनिधीकडे आलेले चार अर्ज ठेवले, आणि मग मला नाही म्हणता आले नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर आलेले हे चारही अर्ज घरी उभ्या असलेल्या वाहनांच्या नुकसानीसंबंधीचे होते. आपला निधी शिक्षणासाठी व आजारपणासाठी आहे. वाहनासाठी त्यातून पैसा देता येत नाही, हे कार्यकारिणीला जड अंतःकरणाने कळवावे लागले. मनाला लागण्याजोगी गोष्ट ही की, चौघांपैकी तिघांनी कुठला ना कुठला विमा उतरविलेला होता. हप्ते भरले होते, कागद कपाटात जपून ठेवले होते. आणि तरीही प्रसंग आला तेव्हा हाती काही पडले नाही. माझे आयुष्य नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर म्हणून गेले. हे असे का होते, ते मी पुष्कळ अंगणांत आणि पुष्कळ जिन्यांखाली उभा राहून पाहिले आहे.

चार अर्जांपैकी पहिला एका भगिनीचा होता. नाव सांगत नाही, पण त्यांच्याच अनुमतीने हकीकत सांगतो. त्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत. रात्रपाळी संपवून पहाटे घरी यावे लागते, त्या वेळी बस मिळत नाही, म्हणून त्यांनी कर्ज काढून स्कूटर घेतली. इमारतीत जिन्याखाली विजेचे मीटर आणि त्यांच्या शेजारीच रहिवाशांच्या दुचाक्या, ही आपल्याकडची नेहमीची व्यवस्था. एका रात्री मीटरच्या पेटीतून ठिणगी उडाली व उभ्या असलेल्या सर्व गाड्या जळाल्या. बाईंचे घर पहिल्या मजल्यावर. धुराने पुढची भिंत काळी झाली, खिडकीची काच तडकली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

बाईंपाशी दोन विमापत्रे होती. एक घराचे, गृहकर्ज देणाऱ्या बँकेने घ्यावयास लावलेले. दुसरे स्कूटरचे, विक्रेत्याने गाडीबरोबरच दिलेले, पाच वर्षांचे. आग लागली तेव्हा गाडीला दीड वर्ष झाले होते. कोणीतरी त्यांना सांगितले की, जे घरी जळले ते घराच्या विम्यात बसते. म्हणून त्यांनी प्रथम घराच्या विम्याकडे मागणी केली. तेथून उत्तर आले : भिंतीचे व खिडकीचे पैसे देऊ, स्कूटरचे देता येणार नाहीत. मग त्या स्कूटरच्या विमापत्राकडे वळल्या. तेथूनही नकार आला. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘काका, दोन्हीकडे पैसे भरले, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवितात. यांतले खोटे कोण बोलतो?’

मी दोन्ही कागद वाचले. खोटे कोणीच बोलत नव्हते.

प्रथम घराचे पाहू. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशातील सर्वसाधारण विमा कंपन्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ या नावाचे एकसारखे विमापत्र देतात. ते चांगले आहे. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल, पाण्याची टाकी फुटणे अशा अनेक आपत्तींपासून ते घराला संरक्षण देते. घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. आवाराची भिंत, फाटक, पडवी, गॅरेज, एवढेच नव्हे तर गाडी उभी करण्याची जागादेखील त्यात येते. घराच्या रकमेच्या वीस टक्के, परंतु दहा लाख रुपयांपर्यंत, घरातील सामानसुमानही आपोआप धरले जाते. हे वाचून कोणालाही वाटेल की, जागा धरली, गॅरेज धरले, सामान धरले, तर त्या जागेत उभी असलेली गाडी का धरली नसेल?

परंतु त्याच पत्राच्या अपवादांच्या यादीत सोन्याच्या लगडी, न जडविलेली रत्ने, हस्तलिखिते, नाणी व नोटा, धनादेश यांच्या पंगतीला ‘वाहने’ हा शब्द बसविलेला आहे. पत्रात मुद्दाम वेगळी नोंद केली नसेल तर यांची भरपाई मिळत नाही. म्हणजे आगीत गॅरेज आणि गाडी दोन्ही जळाली, तर घराचा विमा गॅरेजचे पत्रे देईल, खांब देईल, भिंत देईल, आणि आतील गाडीचा सांगाडा तसाच सोडून जाईल. ऐकताना हे विचित्र वाटते खरे. पण यामागे विचार आहे. गाडी ही फिरती वस्तू. ती आज दारात, उद्या पंढरपुरास, परवा घाटात. तिच्या जोखमीचे गणित घराच्या गणिताहून वेगळे आहे, म्हणून तिच्यासाठी विमाही वेगळा आहे.

गृहनिर्माण संस्थेच्या विम्याविषयीही असाच गैरसमज असतो. इमारतीचा आग व भूकंप यांपासून विमा उतरवावा, असे आदर्श उपविधी सांगतात, आणि पुष्कळ संस्था तो उतरवितात. तो इमारतीचा असतो. सभासदांच्या गाड्यांचा नव्हे. वार्षिक सभेत याविषयी चिटणिसांशी भांडू नये.

आता वाहनाच्या विम्याकडे येतो, आणि येथे थोडी मागची हकीकत सांगणे भाग आहे. मोटारीचा विमा सक्तीचा झाला तो १ जुलै १९४६ पासून, १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणाने. आज १९८८ चा कायदा लागू आहे, व त्याच्या १४६ व्या कलमात ती सक्ती आहे. पण सक्ती कशाची? आपल्या गाडीमुळे जर दुसऱ्या माणसास इजा झाली, मृत्यू आला, दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्या दुसऱ्यास भरपाई मिळावी, एवढ्याचीच. यालाच ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. सरकारला रस्त्यावरच्या पादचाऱ्याची काळजी आहे, आणि ती योग्यच आहे. तुमच्या गाडीची काळजी तुम्ही करावयाची आहे. ती करावयाची असेल तर दुसरा भाग, ज्याला ‘ओन डॅमेज’ म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसान म्हणतात, तो स्वेच्छेने घ्यावा लागतो.

या दुसऱ्या भागाची यादी नीट ऐका, कारण आपल्या विषयाचे मर्म तेथे आहे. आग, स्फोट, आपोआप पेट घेणे, वीज पडणे, घरफोडी व चोरी, दंगल व संप, भूकंप, पूर, वादळ, चक्रीवादळ, गारपीट, बाह्य कारणाने झालेला अपघात, कोणी दुष्टाव्याने केलेले नुकसान, दहशतवादी कृत्य, रेल्वेने, रस्त्याने वा जलमार्गाने नेताना झालेले नुकसान, दरड कोसळणे. यांत गाडी चालत असली पाहिजे, अशी अट कोठेही नाही. रस्त्यावर असली पाहिजे, अशीही नाही. अंगणात झाकून ठेवलेल्या गाडीवर आंब्याची फांदी मोडून पडली, तळघरात पाणी शिरले, मध्यरात्री कोणी द्वेषाने काच फोडली, तरी ती सर्व या भागात येतात. तेव्हा प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, घरी उभ्या असलेल्या वाहनाचे नुकसान घराचा विमा देत नाही, वाहनाचा देतो. आणि वाहनाच्या विम्यातही पहिला भाग देत नाही, दुसराच देतो.

मग बाईंचा दावा का फेटाळला गेला? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीस पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. हेतू उत्तम होता. पुष्कळ दुचाक्या दुसऱ्या वर्षापासून विम्यावाचूनच धावत असत. परंतु स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा दिला जातो. दोन्ही भाग एकाच कागदावर छापलेले असतात, एकाच क्रमांकाखाली. बाईंच्या कागदावर वरती ठळक अक्षरांत पाच वर्षांनंतरची तारीख होती. खाली, बारीक अक्षरांत, दुसऱ्या ओळीत, स्वतःच्या नुकसानीच्या भागाची मुदत होती, आणि ती आगीच्या आधी सहा महिने संपून गेली होती. विक्रेत्याने ‘पाच वर्षे काही बघायला नको’ असे सांगितले होते म्हणे. पादचाऱ्यापुरते ते खरेही होते!

१ सप्टेंबर २०१९ पासून हा दुसरा भाग स्वतंत्रपणे घेता येतो, व तोही दुसऱ्या कंपनीकडून घेतला तरी चालतो. बाईंनी पहिले वर्ष संपताच तो घेतला असता, तर दुचाकीसाठी त्याचा हप्ता असा काही फार नसतो. कर्जाचे हप्ते मात्र त्या अजून भरीत आहेत, आणि पहाटे रुग्णालयाच्या दारात रिक्षाची वाट पाहत उभ्या राहतात. म्हणून माझी आपणा सर्वांस विनंती आहे की, आज घरी गेल्यावर आपले विमापत्र काढा आणि त्यावर तारखांच्या ओळी किती आहेत ते पाहा. दोन असतील तर दुसरी वाचा. एकच असेल आणि शीर्षकात केवळ ‘लायबिलिटी’ हा शब्द असेल, तर दारात उभी असलेली आपली गाडी विम्यावाचून उभी आहे असे समजा.

दुसरा अर्ज पुराचा होता, आणि या बाबतीत जरा विस्ताराने बोलतो, कारण येथे दोष बहुधा आपल्याच हातून घडतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे मुंबईकर मंडळी विसरलेली नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काठच्या वसाहतींच्या संरक्षक भिंती पाडून आवारातील गाड्या ओढून नेल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात आणि महाडात घरांच्या पहिल्या मजल्यापाशी पाणी आले. अंगणातील गाड्या कोठल्या कोठे सापडल्या. पूर हा दुसऱ्या भागाच्या यादीत आहे, त्याबद्दल शंका नाही. आसने, विजेच्या तारा, गाडीतील चिखल काढणे, यांचा खर्च मान्य होतो. प्रश्न उद्भवतो तो इंजिनाचा.

इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दट्ट्या दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. गाडी पाण्यात बुडालेली असताना हवेच्या वाटेने नळकांड्यात पाणी गेलेले असते. ते तेथे स्वस्थ बसलेले असेपर्यंत मोठी हानी नसते. मिस्त्री ते काढतो, तेल बदलतो, गाडी पुष्कळदा सुधारते. पण पाणी ओसरल्याबरोबर आपण काय करतो? काळजीने किल्ली फिरवितो. ‘चालू होते की नाही पाहू या’ म्हणतो. दट्ट्या वर येतो, मध्ये न दबणारे पाणी असते, आणि दट्ट्याचा दांडा वाकतो किंवा मोडून इंजिनाच्या भिंतीस भोक पाडतो. मग विमा कंपनी म्हणते की, पुराने जे केले ते आम्ही देऊ, पण इंजिन पुराने मोडले नाही, ते तुमच्या किल्लीने मोडले. रूढ विमापत्रात अशी अट आहेच की, नादुरुस्त गाडी दुरुस्तीपूर्वी चालविली तर त्यामुळे वाढलेले नुकसान मालकाच्या शिरावर. शिवाय यांत्रिक बिघाड आणि अप्रत्यक्ष हानी वगळलेली असते. या मुद्द्यावर जितके दावे भांडणात पडलेले मी पाहिले, तितके दुसऱ्या कोणत्याही मुद्द्यावर पाहिले नाहीत.

आपल्या अर्जदारांच्या चिरंजीवांनी तेच केले. मुलगा अभियंता आहे. त्याला दोष देत नाही, कारण मीही एकदा शेजाऱ्याच्या गाडीला हेच करीत असताना शेजाऱ्याच्या वडिलांनी माझा हात धरला होता. सबब, गाडी बुडाली असेल तर किल्लीला हात लावू नये. जाणत्याकडून बॅटरी सुटी करून घ्यावी. दारांवर चिखलाची जी रेघ उमटलेली असते तिचे छायाचित्र धुण्यापूर्वी काढावे. पाणी कुठवर चढले होते याचा तोच साक्षीदार. कंपनीला लगेच कळवावे आणि गाडी ओढून न्यावी. ज्यांचे घर ओढ्याकाठी, खाडीकाठी किंवा ज्यांची गाडी तळघरात उभी राहते, त्यांनी इंजिनासाठी जास्तीचा हप्ता भरून वेगळे संरक्षण मिळते ते अवश्य घ्यावे. डोंगरावर राहणाऱ्याने ते घेण्याचे कारण नाही.

भरपाई किती मिळते, यासंबंधी थोडक्यात सांगतो. गाडी पूर्ण गेली तर आपण दिलेली किंमत परत मिळते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. विमापत्रावर ‘आयडीव्ही’ म्हणून एक रक्कम असते, ती कमाल मर्यादा. त्याच प्रकारच्या गाडीच्या विक्री-किमतीतून वयाप्रमाणे घट वजा करून ती ठरते : सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस, पाचपर्यंत पन्नास. समजा, आठ लाखांची गाडी सव्वातीन वर्षांची आहे. चाळीस टक्के घट म्हणजे तीन लाख वीस हजार गेले, राहिले चार लाख ऐंशी हजार. दुरुस्तीचा खर्च या रकमेच्या पंचाहत्तर टक्क्यांवर, म्हणजे तीन लाख साठ हजारांवर गेला, तर गाडी पूर्ण गेली असे धरतात. दुरुस्तीपुरता दावा असेल तर रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, काचेचे पूर्ण. ही घट नको असेल तर त्यासाठीही वेगळा हप्ता आहे.

आणि किरकोळ ओरखड्यासाठी दावा करू नये. दावा न केलेल्या वर्षांबद्दल ‘नो क्लेम बोनस’ म्हणून वीस टक्क्यांपासून पाचव्या वर्षानंतर पन्नास टक्क्यांपर्यंत सूट चढत जाते, आणि एका दाव्यासरशी ती शून्यावर येते. एखाद्याचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बारा हजार आहे व पन्नास टक्के सूट मिळते, असे धरू. त्याने चार हजारांच्या रंगकामासाठी दावा केला. लहान मोटारीच्या विम्यात पहिले एक हजार स्वतः सोसावे लागतात, म्हणजे मिळाले फार तर तीन हजार. पुढच्या वर्षी गेले सहा हजार. हे गणित आपल्या गृहिणी आपल्यापेक्षा लवकर करतील.

तिसऱ्या अर्जाची हकीकत ऐकून आपण हसाल. गाडी मागे घेताना एका गृहस्थांनी स्वतःच्याच आवाराची भिंत आणि फाटकाचा खांब पाडला. गाडीचे नुकसान दुसऱ्या भागातून मिळाले. पण भिंत? त्यांचे म्हणणे असे की, माझ्या गाडीने मालमत्तेचे नुकसान केले, तर थर्ड पार्टीतून द्या. मोटारीच्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत तरतूद असते, हे खरे. भिंत शेजाऱ्याची असती तर त्यास मिळाले असते. परंतु विमापत्र म्हणते की, विमाधारकाची स्वतःची किंवा त्याच्या ताब्यातील मालमत्ता यात येत नाही. स्वतःशी आपण तिऱ्हाईत कसे होणार? ही भिंत घराच्या विम्याने द्यावयाची. येथे मात्र घराचे पत्र उपयोगी पडते : जुन्या आगीच्या विमापत्रात मालकाच्या स्वतःच्या वाहनाची धडक वगळलेली असे, गृह रक्षेच्या पत्रात बाह्य वस्तूच्या कोणत्याही धडकेने झालेली हानी धरली आहे व उदाहरणादाखल वाहनाचेही नाव घेतले आहे. तरी प्रत्येकाने आपल्या पत्रातील ते कलम वाचून घ्यावे. हे गृहस्थ घराचा विमा न घेतलेले निघाले, त्यामुळे चर्चा तेथेच थांबली.

चौथा अर्ज सांगताना मला हसू येत नाही. आपल्या ज्ञातीतील एक ज्येष्ठ सभासद दीड वर्षापूर्वी निवर्तले. त्यांची मोटार त्यांना फार प्रिय. वहिनींना गाडी चालविता येत नाही, मुलगा परगावी. पण विकण्यास त्यांचे मन होईना. अंगणात छताखाली गाडी तशीच उभी. दर रविवारी त्या फडक्याने पुसत असत. विमाही त्यांनी मुदतीत, पूर्ण, दोन्ही भागांसह चालू ठेवला. मुलगा परगावाहून पतीच्याच नावाने पैसे भरीत असे. पावसाळ्यात छत व शेजारचे झाड दोन्ही गाडीवर कोसळली.

कागद पाहिला आणि मला वाईट वाटले. विमाधारकाचा मृत्यू झाला तर विमापत्र तत्काळ संपत नाही. मृत्यूपासून तीन महिने, किंवा त्याआधी मुदत संपत असेल तर तोपर्यंत, ते चालू राहते. त्या अवधीत वारसाने गाडी आणि विमा आपल्या नावावर करून घ्यावा, असे पत्रातच लिहिले आहे. त्यानंतर मृताच्या नावाने भरलेला हप्ता कंपनी घेते, कारण यंत्राला माणूस गेल्याचे कळत नाही. पण दाव्याच्या वेळी हा प्रश्न उठतोच. वहिनींच्या बाबतीत तो उठला आहे, आणि मी त्यांचा अर्ज लिहून दिला आहे. त्याचे काय होईल ते मी आज सांगू शकत नाही.

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की, बँकेचे खाते, निवृत्तिवेतन, घराचा सात-बारा यांकडे लक्ष जाते. दारातल्या गाडीकडे कोणाचे जात नाही. तिच्याकडे पाहवत नाही, हेही खरे आहे. पण तेराव्यानंतर जे भाऊबंद घरात असतील त्यांनी ही जबाबदारी घ्यावी. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि गाडीचे नोंदणीपत्र घेऊन परिवहन कार्यालयात अर्ज, आणि त्याच आठवड्यात विमा कंपनीस पत्र. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनाही असेच सांगेन : गाडी नावावर झाली की थर्ड पार्टीचा भाग आपोआप नव्या मालकाकडे येतो, स्वतःच्या नुकसानीचा भाग येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. मेहुण्याकडून घेतलेली गाडी असली तरीही!

चोरीविषयी दोनच गोष्टी. वाजवी काळजी घेणे ही अट आहे. किल्ली गाडीतच ठेवून ओटीवर गप्पा मारीत बसलात तर भांडण ओढवून घ्याल. दुसरे, चोरी होताच पोलिसात फिर्याद द्यावी. फिर्याद वेळेवर दिली असेल तर केवळ विमा कंपनीला कळविण्यास उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. पण म्हणून कळविण्यास उशीर करावा असे नव्हे. दुचाकीचा एखादाच जोडलेला भाग चोरून नेला आणि गाडी जागेवर राहिली, तर रूढ पत्राप्रमाणे काही मिळत नाही. गाडीत ठेवलेल्या पिशव्या, संगणक वगैरे वस्तूही मोटारीच्या विम्यात येत नाहीत.

आपली जी मुले अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी एक वाक्य. तेथेही घराचा विमा मोटार वगळतोच. झाड पडणे, आग, गारा, चोरी यांसाठी मोटारीच्या विम्यात ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हा भाग असावा लागतो. आईवडील तिकडे जातात तेव्हा हे त्यांनी विचारावे. मुले सांगत नाहीत.

दावा अन्यायाने फेटाळला गेला असे वाटले तर प्रथम कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबईस व पुण्यासही आहेत. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी ते पाहतात. शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र आपली बाजू साध्या भाषेत, तारखांसह लिहिलेली हवी. वहिनींचा कागद तेथेच जाणार आहे, कंपनीचे उत्तर समाधानकारक आले नाही तर.

माझा वेळ संपत आला आहे, असे अध्यक्षमहोदय घड्याळाकडे पाहून सुचवीत आहेत. चिटणिसांच्या पत्रकाप्रमाणे ज्यांनी आपली विमापत्रे बरोबर आणली असतील, त्यांनी चहापानानंतर उजवीकडच्या खोलीत यावे. मी व माझे दोन तरुण सहकारी तेथे दोन तास बसू. घराचे आणि वाहनाचे, दोन्ही कागद आणावेत. ज्यांच्या घरी गेल्या वर्षभरात कोणाचे निधन झाले असेल व गाडी दारात असेल, त्यांनी रांगेत उभे राहू नये. थेट आत यावे.